शैलाताईंचं राहून गेलेलं भाषण

कुवेतमधल्या आमच्या मराठी मंडळींत कुणाचंही लग्न असलं, की जेवणाआधी शैलाताई बोलायला उभ्या राहायच्या. मूळच्या नाशिकच्या, कुवेत सिटीच्या शर्क भागातल्या एका कंपनीत अकाउंटंट. महबूला भागात आमच्या शेजारीच राहायच्या.

“आशीर्वाद सगळेच देतात गं,” त्या म्हणायच्या, “आपण त्या मुलाचं, त्या मुलीचं एक खरं काहीतरी सांगावं. लोक हसले की बसायचं. आपल्यालाच रडू यायला लागलं, तर त्याच्या आधी बसायचं.”

एका नवरदेवाबद्दल त्यांनी एवढंच सांगितलं, की बिल्डिंगची लिफ्ट बंद होती तेव्हा हा न सांगता सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या वर आणून ठेवायचा. नवरीने त्याच्याकडे वळून पाहिलं. तिला हे ठाऊकच नव्हतं.

मग त्यांच्या मुलीचं, ऋताचं लग्न ठरलं. रिसेप्शन कुवेत सिटीतल्या हॉटेलात. नवऱ्याकडच्यांना मराठी येत नव्हतं. “आई, टू मिनिट्स, ओके? अँड इन इंग्लिश, प्लीज,” ऋता म्हणाली.

शैलाताई उभ्या राहिल्या. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलावं तसं सगळ्यांचे इंग्रजीत आभार मानले आणि बसल्या. टाळ्या पडल्या. ऋताने मिठी मारली, “आई, परफेक्ट!”

पुढच्या शुक्रवारी चहा पिताना मी विचारलं, “तुम्हाला खरं काय बोलायचं होतं?”

“हिचे बाबा गेले तेव्हा ही नऊ वर्षांची. मी डोळे मिटून पडले होते. नाशिकहून फोनवर फोन. एरवी मराठीत एक वाक्य न बोलणारी ही पोर प्रत्येकाला सांगत होती, ‘आई झोपली आहे. मला सांगा.’ सगळं ऐकत होते मी.”

“मग आता सांगा ना तिला.”

“आता कसं? ते चारचौघांत, तिच्या नवऱ्यासमोर सांगायचं होतं. मी इंग्रजीत जुळवूनही पाहिलं. नाही जमलं.”

निवृत्त होऊन त्या नाशिकला गेल्या आणि वर्षभरातच हृदयविकाराने गेल्या. ऋताला सांगायचं राहूनच गेलं.

दिवसकार्य उरकून ऋता परतली, तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं.  ती अडखळत, मराठीत म्हणाली,

“म्हणजे... आई जागी होती?”