कॅलेंडरातला चुडा

चार म्हशींची वैरण एकटीनं कापणाऱ्या कोरेगावच्या आक्काताईची बांगडी १९९६ साली कडबाकुट्टीत अडकली आणि उजव्या हाताची तीन बोटं गेली. मशीनच्या तोंडाला एक झाकण बसवलं असतं, तर कंपनीचं काय जाणार होतं? पण साताऱ्याच्या ग्राहक मंचात कंपनीचा वकील म्हणाला, "मशीनमध्ये दोष नाही. बांगड्या काढून वापरा, असं पुस्तिकेत छापलंय."

आक्काताई भडकली. "आवं, नवरा जित्ता असताना बांगड्या काढू? गावात वैरण कोन कापतं, ठावं न्हाई व्हय तुमास्नी?"

तिनं मशीनसोबत मिळालेलं कंपनीचं कॅलेंडर टेबलावर आपटलं. चित्रातली बाई हसत मशीनमध्ये कडबा सारत होती, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

"हिला सांगा की आधी काढायला!"