आर्नच्या गोधड्या

आर्न ट्रेलोर गेला तेव्हा त्याच्या घरात एकही गोधडी निघाली नाही. अंगावर सरकारी दवाखान्याचं कांबळं होतं. ज्यानं सगळ्या भागाला गोधड्या पुरवल्या त्याच्या घरातली ही गोष्ट.

आम्ही सव्वीस वर्षं मिळून कुंपणं घातली. लॅक्लन नदीच्या खालच्या अंगाला, मेंढ्यांच्या मुलखात. खांबाचा खड्डा दोन फूट चार इंच. आर्ननं पहारीवर खूण कोरली होती. खूण मातीच्या वर दिसली की तो मला पुन्हा खणायला लावी. लग्न केलं नव्हतं. रविवारी गोधड्या शिवायचा. गव्हाची पोती उसवून धुवायची, दोन पोत्यांच्या मधे लोकर पसरायची, सुतळीनं टाके घालायचे. आमच्याकडे जन्मलेल्या प्रत्येक पोराला त्याची एक गोधडी मिळे.

लोकर कुरणातूनच यायची. मेंढी मरून पडली की उन्हात चार दिवसांत लोकर सुटते. ती हातानं उपटायची. उपटेल त्याची लोकर, मालक काही बोलत नसे. सगळेच उपटत, मीही उपटली आहे.

सत्त्याहत्तरच्या फेब्रुवारीत माझ्या मुलीला, नेरिडाला, मुलगी झाली. टॅम्सिन. आदल्या वर्षी पूर आला होता, मग कडक उन्हाळा. त्याच आठवड्यात नदीकाठच्या कुरणात अकरा मेंढ्या मेल्या. मालक म्हणाला, ओला चारा खाऊन पोट फुगलं. त्या वर्षी त्यानं लस टोचली नव्हती. वीस वर्षांत रोग दिसला नाही, मग लस कशाला, असा त्याचा हिशेब. आर्ननं सहा मेंढ्यांची लोकर उपटली, दोन पाण्यांतून काढली आणि टॅम्सिनची गोधडी पुरी केली. मेंढ्यांच्या नाकाला काळं रक्त होतं. ते त्यानं पाहिलं होतं. मला नंतर सांगितलं.

बुधवारी जनावरांचा डॉक्टर आला. एका मेंढीच्या कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. काळपुळी, म्हणाला, मेंढीवरून माणसालाही लागते. मेंढ्या फाडायच्या नाहीत, ओढायच्या नाहीत, पडल्या जागी जाळायच्या. शुक्रवारी गावच्या हॉलमध्ये डॉक्टर प्रायरबाई टेबल मांडून बसल्या. ज्यांनी हात लावला त्यांना पेनिसिलीनच्या गोळ्या. बाई प्रत्येकाला एकच सांगत होत्या: किडा चावल्यासारखी पुळी येईल, मधे काळी पडेल, दुखणार नाही. त्याच दिवशी या. दाबू नका, कापू नका.

आर्न रांगेत नव्हता. "मी हात लावला नाही," असं तो मला म्हणाला. मी विचारलं नव्हतं.

सोमवारी आम्ही खड्डे खणत होतो. त्याची बाही वर होती.

"हाताला काय झालं?"

"माशी चावली."

"माशी चावून काळं पडतं?"

"माशीला विचार."

"दुखतंय?"

"दुखलं असतं तर गेलो असतो की. तू खण."

आमच्यात न दुखणाऱ्या गोष्टीसाठी पहार खाली ठेवणारा कामचुकार समजला जाई. त्यानं नऊ खड्डे पुरे केले. दहावा दीड फुटावर आला आणि त्यानं पहार खाली ठेवली. अर्धा खड्डा सोडताना मी त्याला त्या एकाच वेळी पाहिलं.

"क्लेम, लोकर मी उपटली."

"किती?"

"सहांची."

"कुठं आहे ती?"

तो खड्ड्यात बघत होता. "टॅम्सिनच्या खाली."

नेरिडाचं घर अकरा मैलांवर. पहारी तिथंच टाकून आम्ही गाडी काढली. पोर ओट्यावर गोधडीत झोपली होती.

"आर्नकाका, या. चहा टाकते."

"पोरीला उचल आधी," आर्न म्हणाला. "गोधडीला हात लावू नकोस. ती मी घेतो."

दवाखान्यात प्रायरबाईंनी पोरीला उघडी करून पाहिलं. अंगावर काही नव्हतं. वजनावर मोजून पातळ औषध दिलं, नेरिडाला गोळ्या दिल्या. पोर हसायला लागली तरी एक चमचा चुकवायचा नाही, असं बजावलं. मग आर्नकडे वळल्या.

"शुक्रवारी का आला नाहीत?"

"लाज वाटली, डॉक्टरबाई. धुतली होती मी लोकर. वाटलं, भागेल."

"धुण्यानं काळपुळीचे जंतू मरत नाहीत. लाजेवर माझ्याकडे सुई नाही. दंड पुढे करा."

त्याला दोन आठवडे इंजेक्शनं दिली. चौथ्या दिवशी टॅम्सिनच्या गालावर पुळी आली, काळी पडली. नेरिडा अकरा रात्री जागी होती. औषध आधीच सुरू होतं म्हणून पोर वाचली. वाटाण्याएवढा खड्डा गालावर राहिला तो आजही आहे. नेरिडा आर्नला कधी वेडंवाकडं बोलली नाही. चहाचं विचारणं तेवढं थांबलं.

गावाबाहेरच्या कचऱ्याच्या जागी खड्डा खणला. जाळायची ती एकच गोधडी, असं प्रायरबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. तरी माणसं आपापल्या घेऊन आली. कोणी दहा वर्षांची, कोणी वीस. अडतीस मोजल्या मी. लोक गाडीतून काढायचे आणि काठाला ठेवून जायचे. आर्न आदल्या दिवशीच दवाखान्यातून घरी आला होता. हाताला पट्टी होती.

"शिवल्या मी, तर मीच टाकतो," तो म्हणाला.

एकेक उचलून त्यानं टाकली. मीही एक नेली होती. ती हातात आल्यावर त्यानं कोपऱ्यातले टाके अंगठ्यानं चाचपले.

"ही नेरिडाची. त्रेपन्न सालची. यात कातरलेली लोकर आहे, क्लेम. शेडमधली. यात काही नाही."

"माहीत आहे."

"मग आणलीस का?"

"तिनं दिली."

त्यानं मान हलवली आणि टाकली. पोतं लगेच पेटलं. लोकर सावकाश जळते. संपेपर्यंत आम्ही दोघं तिथं उभे राहिलो. मग राहिलेला दहावा खड्डा पुरा करायला गेलो.