भेंडीचा केवडा घेऊन लालबागला

माझ्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, यजमान वसंतराव यांनी दिलेलं भेंडीचं बी पेरलं आणि वाडीतली निम्मी झाडं पिवळी पडली. पानांच्या शिरा हळद फासल्यासारख्या. या रोगाला आम्ही केवडा म्हणतो. मेहुण्यांनी सडकं बी गळ्यात मारलं, ही माझी खात्रीच. एक रोगट झाड फडक्यात बांधलं आणि निघालो. संबंध तोडायचा, पण तोंडावर सांगून.

रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो. जाणार असाल तर सकाळचीच लाँच धरा, दुपारी पोटात ढवळतं. पुढे ट्रामने दादर. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस, नाक्यानाक्यावर पोलीस. माझ्या बगलेतलं गाठोडं बघून हवालदाराने हटकलंच.

"काय आहे रे यात?"

"केवडा."

त्याने नाक लावलं. "वास कुठाय?"

फडक्याचं टोक उचलून त्याला भेंडीचं पान दाखवलं. तो आणखीच संशयाने बघायला लागला.

वसंतरावांनी जिथून बी घेतलं, त्या दुकानात शिरलो. मालक म्हणाला, "बियाचा दोष नाही हो. पांढरी माशी रोगट पानाचा रस पिते, मग चांगल्या झाडावर बसली की तिथे रोग सोडते. रोगट झाडं उपटा, बांधावरची रानभेंडीही काढा."

विकणारा दुसरं काय सांगणार! शेजारी मिसळ खाल्ली. दादरमध्ये तेवढीच अस्सल वाटली.

लालबागच्या चाळीत सुमनच्या गॅलरीत डब्यांमधली भेंडी हिरवीगार, वर मलमल घट्ट ताणलेली. माझं डोकं फिरलं. "चांगलं बी घरी ठेवलंत, वसंतराव."

"एकाच पुडीतलं आहे, दादा. निम्मं तुम्हाला, निम्मं आम्हाला. कापड हिने चिमण्यांसाठी लावलंय."

पुरावा म्हणून मी गाठोडं सोडून झाड झटकलं. बारीक पांढऱ्या माश्या भुर्रकन उडाल्या आणि मलमलीवर बसल्या. आत शिरायला त्यांना वाट नव्हती. मी बघतच राहिलो.

सुमनने झाड हिसकावून शेगडीत कोंबलं. "दादा, भांडायला आलायस की रोग वाटायला?"

परतताना तिने मलमल बांधून दिली. घरी पिवळी झाडं आणि रानभेंडी उपटून जाळली, नव्या वाफ्यांवर कापड ताणलं. वसंतराव बघायला आले, तेव्हा आतली भेंडी हिरवी होती. कापडाचं टोक उचलून मी म्हणालो, "वसंतराव, मी तुमच्यावर उगाच..."

"आधी ते खाली सोडा, दादा. माशी शिरेल."