डब्यावरचं कुंकू

दसऱ्याला गाडीला हार घालताना झेंडूच्या उग्र वासाने मला कित्येक वर्षं मागे, भद्रकाली भागातल्या सलीमचाचांच्या दुकानात नेलं. चाचा जुन्या खेळण्यांचे जाणकार. बाबांना भेट मिळालेला, सुटे भाग जोडून करायच्या परदेशी मोटारीचा दुर्मिळ डबा ते तपासत होते; आम्ही तो विकायला नेला होता.

"आतला माल कोरा आहे. पण झाकणावर हे लाल काय? डागाने किंमत निम्मी होते."

घरात दुसरं वाहन नव्हतं, म्हणून बाबा दर दसऱ्याला त्या डब्यालाच कुंकू लावत. ते शेजारीच उभे होते.

"लहानपणी मीच रंग सांडला," मी घाईने म्हणालो. बाबांची लाज राखली, असं तेव्हा वाटलं.

निम्म्या किमतीला न विकता डबा आम्ही परत आणला. पुढच्या दसऱ्याला आईने कुंकवाचा करंडा पुढे केला, तर बाबा म्हणाले, "नको. डाग पडतो."