माझाच माइक बंद

शाळेत मी फक्त मत टाकाले गेलो, म्हून मी बोलून राहिलो अन पोट्टी लिहून राहिली. तिले मराठी समजते, पन जवाब हिंदीतच देते. आताच म्हनाली, "बाबा, थोड़ा धीरे, गुस्सा बाद में." कायले बाद में? रागासाठीच तर बसलो.

रायपूरजवळ उरला गावच्या रोलिंग मिलमधे अर्धे कान गेले, बाकीचे तापाच्या औषधानं नेले. तवा रायपूर छत्तीसगडची नवी नवी राजधानी झालं होतं. गावभर साहेबाईच्या गाड्या, लाल बत्त्या, हॉर्न, अन त्यात मी एकटा शांत. लोक म्हनत, सुखी मानूस! लई साल मी तसाच सुखी राहिलो. मंग दवाखान्यात ऑपरेशन करून डोक्यात मशीन बसवली. एक तुकडा चमडीच्या आत, अन वरून चुंबकानं चिकटनारी टिकली.

मशीन पहिल्यांदा सुरू केली तवा बायको म्हनाली, "अवो, ऐकू येऊन राहिलं का?" मले वाटलं, टिनाच्या डब्यात कोंबडी बोलून राहिली. मी तसं सांगितलंही. त्या दिवशी मले जेवन भेटलं, पन भाजीत मीठ नव्हतं.

बोलनं हळूहळू समजाले लागलं. गानं काही समजे ना. पेटी वाजली का ट्रकमधून रॉड उतरवून राहिले असं वाटे. मशीनवाल्या मॅडमले सांगितलं तर त्या म्हनाल्या, "बात समझ में आती है ना भैया? हॉर्न सुनाई देता है? फिर तो बढ़िया है."

म्हनजे ट्रकखाली येनार नाही, झालं! मानूस तेवढ्यासाठीच जगते का? ऑपरेशनच्या आधी आमच्या पाऱ्यात, म्हनजे मोहल्ल्यात, मी छाती ठोकून सांगितलं होतं, पुन्हा मीच गाईन म्हून. दर गुरुवारच्या भजनात सुरुवात माझीच असे. ती जागा मले परत पायजे होती. बाकी कान कोनाले पायजे?

पहिल्या गुरुवारी मंडळानं मले शाल घातली, नारळ देला, अन मोठा स्पीकरचा बॉक्स उचलून माझ्या कानाजवळ ठेवला. कमी ऐकू येते म्हून! गोल बाजारातली भांड्याची आख्खी लाइन डोक्यात कोसळली. टिकली काढून खिशात घातली अन मान हलवत बसलो. सगळे खुश, भैया रंगले म्हने.

दुसऱ्या गुरुवारपासून टिकली लावून गाऊ लागलो. डोळे मिटून, हात उचलून. सगळे म्हनत, "वाह भैया!" मी अजून वरची पट्टी धरे. असा गाढव.

बहिरा होतो तवाची माझी एक आदत आहे. हाताचा पंजा बॉक्सवर ठेवला का गानं हाताले समजते. एका गुरुवारी गाता गाता पंजा ठेवला. बॉक्स ठंडा. माझ्यामागून बाकीच्यांनी तीच ओळ धरली, बॉक्स थरथरला. मी गायलो, पुन्हा ठंडा. मुद्दाम ओरडलो. काहीच नाही.

मागं पाह्यलं. माझा मिलमधला जुना दोस्त, ढोलकवाला, त्याचा एक हात ढोलकवर अन दुसरा स्पीकरच्या मशीनच्या बटनावर.

"माइक काहून बंद केला बे?"

"बंद नाही भाऊ, कनेक्शन लूज आहे."

"माह्या तोंडासमोरच लूज होते का?"

पेटीवाला म्हने, "भैया, आप दिल से गाते हो, वही बहुत है."

"कधीपासून बंद आहे?"

बायांकडून आमची बायको बोलली, "पहिल्यापासून. मी याईले म्हनलं, तोंडावर सांगा. हे म्हनाले, वहिनी, त्याले वाईट वाटन. सूर गेला तुमचा, अवो. पुरा गेला."

चपलेपासून चहापर्यंत माह्या सगळ्या चुका काढनारी बाई, ती याच्यावर चूप बसली! मी बंद माइकपुढे डोळे मिटून हात हलवून राहिलो, अन सगळा पारा पाहून राहिला. सूर गेला ते माह्या नशिबानं. पन हे तर याईनं हातानं केलं ना? मले कोनी विचारलं होतं का, सांगू का नको म्हून?

"ढोलक दे इकडं," मी म्हनलं.

"भाऊ, तुले जमन का?"

"ठेका चोख येते मशीनमधून. सूर येत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं!"

त्यानं ढोलक सरकवली. मी वाजवली. रागानं वाजवली, म्हून पहिलं भजन धावतच गेलं, पेटीवाला घामाघूम. बायको तिकडून ओरडली, "हळू! चोर मागं लागले का?" मी हळू केलं. ठेका बसला.

आता दर गुरुवारी ढोलक माह्याकडं आहे, दोस्त झांज वाजवते. गानाऱ्यायचे शब्द मले समजतात, चाल समजत नाही, अन त्याचं मले अजून दुखते. चुकलो तर बायको मान हलवते. पन कोनी उगाच "वाह भैया" म्हनलं, का मी दोन्ही हात ढोलकवरून उचलतो. सगळं भजन तिथंच थांबते. बोलनाऱ्यानं खरं सांगतल्याशिवाय मी पुढं वाजवत नाही.