तीन हजार फुटांवरचा दर्यावर्दी

समुद्रसपाटीपासून तीन हजार फूट उंचावर राहून, आयुष्यात एकदाच समुद्र पाहून आणि तोही "खारट जास्ती आहे" म्हणून नापसंत करून पट्टीचा दर्यावर्दी झालेला माणूस जगात एकच असेल, आणि तो इंदिरानगरात आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. ते आमचे घरमालक. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. चार पिढ्यांपूर्वी त्यांचं घराणं साताऱ्याकडून इथे कानडी मुलखात आलं, पेठेत शिंप्याचं दुकान थाटलं, आणि अण्णांनी पन्नास वर्षं त्या दुकानात लोकांचे कोट शिवले. मग एका गिऱ्हाइकाने गाव सोडताना आपली शिडाची होडी विकायला काढली आणि तिचं फाटकं शीड दुरुस्तीला अण्णांकडे टाकलं. अण्णांनी ते चिमटीत धरून पाहिलं आणि शीड परत करायच्या ऐवजी होडीच घेऊन टाकली. "एवढं मोठं कापड शिवायचं आणि अंगावर बसतं कसं ते बघायचं नाही, हे शिंप्याला होत नाही की," एवढंच त्यांचं म्हणणं. त्यांच्या पत्नीने, म्हणजे अक्कांनी, त्या दिवसापासून अबोला धरला. अण्णांच्या तो लक्षात तरी आला की नाही, कुणास ठाऊक.

होडीला माणसं लागतात. ती त्यांनी वरच्या मजल्यावरून उचलली. मी नागपूरची, माझ्या खोलीत राहणारी मेधा पुण्याची आणि समोरचा मंदार मुंबईचा. तिघेही संगणकापुढे बसून पाठीला बाक आलेले. मार्चमधल्या एका रविवारी सकाळी सहाला दार वाजलं. दारात अण्णा, डोक्याला माकडटोपी, गळ्यात मापाची टेप. "चला, वारा आलाय." कुठे, कशाला, हे विचारायची सोयच नव्हती. हेब्बाळच्या पुलापलीकडे तासभर गेलं की एक ऐसपैस तळं लागतं आणि त्याच्या काठावर होड्यांचा एक छोटा क्लब आहे. गाडीत मागच्या सीटवर अक्कांनी दिलेला चित्रान्नाचा, म्हणजे लिंबूभाताचा, डबा होता. अबोला माणसाशी होता, त्याच्या पोटाशी नव्हता.

अण्णांना नौकानयनातला एकही शब्द येत नाही आणि त्याचं त्यांना काडीचंही वाईट वाटत नाही. त्यांनी आम्हाला सगळं शिंप्याच्या भाषेत शिकवलं. शिडाचा दोर ओढायचा असला की "स्वल्प कंबरेत घे!" सोडायचा असला की "सैल कर!" शीड फडफडायला लागलं की "चुण्या पडल्या, चुण्या!" वाऱ्याच्या तोंडावर होडी सरळ जात नाही, तिरकं तिरकं जावं लागतं; तेव्हा अण्णा तिरप्या कापाचा शब्द काढत, "उरेब घे, उरेब. आडव्या धाग्यावर कापड कधी खेचलं जातं का?" आणि गंमत म्हणजे त्या हुकमांवर होडी चालायची. टेप मात्र लाइफ जॅकेटवरही गळ्यातून निघायची नाही. मेधाने एकदा विचारलं, "अण्णा, पाण्यात काय मोजणार तुम्ही?" त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू तिने डॉक्टरला स्टेथोस्कोप कशाला म्हणून विचारलं होतं.

एप्रिलमध्ये त्यांनी होडीला नवं शीड शिवलं. रात्रंदिवस खपून, दुहेरी टीप मारून, कडेला सुरेख दुमड घालून. फक्त ते चांगलं हातभर मोठं झालं, कारण "वाढत्या अंगाचं शिवावं" ही पेठेतली रीत. होडी वाढत नसते हे त्यांना सांगायचं कुणी? पहिल्याच जोराच्या वाऱ्याला त्या ढगळ शिडाने आम्हा चौघांना तळ्यात नेऊन उपडं केलं. दोर माझ्या हातात होता. तो सोडायचा असतो हे ठाऊक असूनही भीतीने मी तो दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवला होता, आणि म्हणूनच होडी उलटली. मला पोहता येत नाही. जॅकेटने मला वर ठेवलं खरं, पण नाकातोंडात पाणी गेलं आणि मी मोठ्याने रडले. अण्णा तरंगत तरंगत शिडाशी गेले, ओलं कापड दोन बोटांत चोळलं आणि म्हणाले, "सूत फर्स्ट क्लास आहे." त्या क्षणी मला त्यांचा मनस्वी राग आला. आठवडाभरात त्यांनी शीड कापून मापात आणलं आणि माझ्या हाताला मार लागला होता म्हणून स्वतः जिना चढून हळदीचा लेप घेऊन आले.

मे महिन्यात क्लबचं पत्र आलं. सत्तरी उलटलेल्या मालकाने परीक्षा पास झालेला माणूस सुकाणूवर असल्याशिवाय होडी पाण्यात घालायची नाही. अण्णांना जूनमध्ये सत्तर वर्षं पूर्ण होत होती. परीक्षा म्हणजे एकट्याने तळ्यात तरंगणाऱ्या तीन नारिंगी पिंपांना वळसा घालून परत यायचं, आणि पावसाळ्याआधी तिची एकच तारीख उरली होती. आमच्यातलं कुणी पास झालं नाही, तर अण्णांची होडी काठावरच उताणी पडणार होती. अण्णा पत्र वाचून दोन दिवस जेवले नाहीत, असं अक्का सांगत आल्या. शेवटी त्यांनीच अण्णांना "जेवा आता" म्हटलं; अबोला सुटला तो असा. तिसऱ्या दिवशी अण्णांनी निवड जाहीर केली: मी. मंदारला हसू फुटलं. "अण्णा, काहून माझा जीव घेता?" मी म्हटलं. ते शांतपणे म्हणाले, "भिणारा हात कापड वाया घालवत नाही. हे दोघे कात्री आधी चालवतात, मोजतात नंतर."

परीक्षेला क्लबचे एक निवृत्त फौजी गृहस्थ होते. त्यांनी आधी काठावरच दोराकडे बोट दाखवून विचारलं, "इसको क्या कहते हैं?" माझ्या तोंडून गेलं, "कमर में लेने की रस्सी." "और हवा के सामने कैसे जाओगी?" "उरेब." त्यांनी हातातला कागद खालीवर पाहिला, त्यात तसलं काही सापडलं नाही, आणि सुस्कारा टाकून म्हणाले, "ठीक है, करके दिखाओ." अण्णा तळ्याकडे पाठ करून उभे राहिले. गिऱ्हाईक आरशात बघत असताना शिंप्याने बघू नये, म्हणे.

पहिलं पिंप सहज गेलं. दुसऱ्यापाशी वारा एकदम उसळला, होडीची एक बाजू वर आली, आणि अगदी एप्रिलसारखंच पाणी माझ्या कानाशी आलं. या वेळी ओरडून सांगणारं कुणी नव्हतं. हात दोराला चिकटलेच होते. मी स्वतःच्याच आवाजात ओरडले, "सैल कर!" आणि सोडला. होडी धप्पकन सरळ झाली, शीड पुन्हा भरलं, आणि तिसऱ्या पिंपाला वळसा घालताना मी चक्क गात होते. काठावर मेधा शिट्ट्या मारत होती. पाठमोऱ्या अण्णांनी मंदारला एवढंच विचारलं, "चुण्या?" तो म्हणाला, "एकही नाही, अण्णा." तेव्हा ते वळले. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत. आयुष्यात मी बऱ्याच परीक्षा पास झाले, पण एवढा आनंद मला कशाचाच झाला नव्हता.

पुढच्या रविवारी, वाढदिवसानंतरच्या पहिल्या फेरीला, अण्णा सवयीने सुकाणूच्या जागेशी गेले, थबकले, आणि कुणी काही बोलायच्या आत गुडघे सांभाळत पुढे जाऊन बसले. मी सुकाणू धरलं. त्यांनी हुकूम सोडावा म्हणून मी वाट पाहत राहिले, पण ते मान वळवून पाण्याकडे पाहत होते. तळ्याच्या मध्यावर ते एकदम म्हणाले, "अय्यो, इथे चोचीखाली झोळीवाले मोठे पांढरे पक्षी आहेत की! किती तरी आहेत. एवढे रविवार आलो, शिडावरून नजर निघाली नाही, दिसलेच नाहीत कधी." किती तरी वेळ ते लहान मुलासारखे बोटाने मोजत राहिले. "बघ, बघ, तो उतरला," ते म्हणत होते. मला फार बघावंसं वाटलं, पण वारा फिरत होता आणि माझी नजर शिडावर होती.