नावेची आंघोळ

महेबूबचाचा सकाळी मोठ्या घमेल्यात बसून आंघोळ करत आणि घमेल्यात साचलेलं पाणी बादलीत भरून नावेवर नेऊन ओतत. नाव धरणाच्या काठी, म्हणजे पूर्वी जिथं काठ होता तिथं, बाभळीखाली पडलेली. पाणी केव्हाच लांब सरकलेलं. मधे नुसती भेगाळलेली काळी माती. गावात टँकर यायचा, त्याच्याभोवती घागरींची भांडणं व्हायची, आणि हा माणूस नावेला आंघोळ घालतो म्हणून अख्खं गाव हसायचं. मीही हसायचो. भिंतीला भिंत लागून राहतो, तेवढा हक्क होताच.

"हसा मास्तर, हसा," ते म्हणायचे. "पन उन्हानं फळ्या तडकल्या तर परत कोन ठोकनार? माझ्यात आता तेवढा दम न्हाय." मग फळ्यांवरच्या बारदानाला पाणी पाजून झालं की बादली पालथी घालून तिच्यावर बसायचे आणि तोंड पुसत त्यांचं नेहमीचं वाक्य टाकायचे, "होतंय. आज न्हाय तर उद्या. उद्या बी आपलाच हाय."

चाचांचा सगळा जन्म एस.टी.च्या वर्कशॉपात गाड्यांचे पत्रे ठोकण्यात गेला. निवृत्त झाल्यावर माणसानं पारावर बसावं, पेपर वाचावा. पण पलीकडच्या काठावरच्या गावात चाचींची थोरली बहीण होती. तिला आम्ही सगळेच आपा म्हणायचो. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. पडून खुबा मोडला तेव्हापासून पुतण्यांच्या ओसरीत तिची खाट. चाचींच्या पाठीचे मणके झिजलेले. काठावर उभं राहिलं की आपाचं गाव समोर दिसायचं, पण रस्त्यानं जायचं तर कळंबवरून मोठा वळसा, आणि रस्ता कसला, नुसते खड्डे! एकदा जीपनं निघालो, तर कळंब यायच्या आत चाची वेदनेनं पांढऱ्याफटक पडल्या. तसेच मागे फिरलो. त्यानंतर दोघी बहिणी रोज फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवला की चाची पदरात तोंड घालून रडायच्या.

ते रडणं चाचांना सोसायचं नाही. आमच्याकडचे मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावरून हिंडतात. त्यावर चाचींना कसं बसवणार? तेव्हा चाचांनी तुकाराम भोयाच्या आजोबांची मोडकी नाव मागून घेतली. खालचा पत्रा त्यांनी हां हां म्हणता सांधला, तो तर त्यांच्या हातचा मळ. वरच्या फळ्या मात्र पार कुजलेल्या.

"सुताराला बोलवा की," मी म्हटलं.

"सुतार दारं करतो मास्तर, नाव कुठं करतो? आपुनच करू." त्यांचं 'आपुन' म्हणजे फळीचं दुसरं टोक धरायला मी. माझी कंबर धरायची, मी कुरकुरायचो, ते रंधा मारत राहायचे. भर उन्हाळ्यात त्यांनी फळीला फळी अशी घट्ट भिडवली की बघणाऱ्यानं वाहवा करावी. "ढेकूण शिरनार न्हाय!" असं म्हणून त्यांनी त्यावर हात फिरवला. मलाही ते काम झकास वाटलं. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं. लाकूड पाणी पितं आणि फुगतं, हे आम्हाला कोण सांगणार?

त्या पावसाळ्यात धरण भरलं. नाव पाण्यात ढकलली, चार दिवस पावसात भिजली, आणि फळ्या फुगून एकमेकींना रेटत तव्यावरच्या पापडासारख्या वर उठल्या. खिळे उपसून आले. चाची नवी साडी नेसून काठावर उभ्या होत्या. चाचांनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. संध्याकाळपर्यंत एकेक फळी उखडत बसले, आणि मला म्हणाले, "थकलो मास्तर. लई थकलो." उद्याचं वाक्य त्या दिवशी त्यांच्या तोंडून निघालं नाही. मला फार वाईट वाटलं.

तरी पुन्हा बसलेच. या खेपेला दोन फळ्यांमधे पत्रा कापायच्या हॅक्सॉची जुनी पाती उभी धरून फुगण्यापुरती फट ठेवली. फळ्यांवर खुर्चीच्या पायांसाठी खोबण्या कोरल्या, चाचींची खुर्ची सरकू नये म्हणून. चार इकडे, चार तिकडे, म्हणजे खुर्च्या दोन. शेजारी चाचा स्वतः बसणार, हे मी धरूनच चाललो. सगळं होईतो हिवाळा उलटला, पाणी उतरलं, आणि पुढच्या पावसाळ्यात ते चढलंच नाही. तेव्हापासून ती आंघोळ सुरू झाली.

"नका हो मरमर करू," चाची म्हणायच्या. "न्हाय भेटलो तर न्हाय भेटलो."

"तू गप बस. तुझ्यासाठी कोन करतंय? मला काम न्हाय म्हनून करतोय," असं हा माणूस धडधडीत खोटं बोलायचा.

उन्हाळ्याच्या अखेरीला एका सकाळी बादली अर्ध्या वाटेत ठेवून ते खाली बसले. छातीत कळ आली होती. दवाखान्यात नेईतो खेळ आटोपला. कब्रस्तानातून परत येताना ती बादली वाटेतच दिसली. पाणी उन्हानं तापून कढत झालं होतं.

आणि बघा नशीब, त्याच पावसाळ्यात धरण भरलं. चाचींनीच मला हाक मारली, "चला मास्तर, आपाकडं जायचंय." तुकारामनं वल्हं घेतलं. चाचींनी दोन खुर्च्या ठेवायला लावल्या. एकीवर त्या बसल्या, दुसरी रिकामी. तुकाराम काही विचारणार, तोच मी त्याला डोळ्यांनी दटावलं. सगळी वाट त्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं मी टाळलं.

पलीकडे पुतण्यांनी आपाला खाटेवरून उचलून आणलं होतं. भेटायला आणलंय असं मला वाटलं, तर त्यांनी तिला सरळ नावेत आणून त्या खुर्चीवर बसवलं. मागोमाग तिचं गाठोडं आलं. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत राहिल्या. नाव निघाल्यावर चाची डोळे पुसत म्हणाल्या, "मला बी वाटलं व्हतं, ती दुसरी खुर्ची त्यांची. तर म्हनले, मी कशाला बसतो? मला वल्हं मारायचंय. ती आपाची. नुसतं भेटून काय करतीस, घेऊनच येऊ."

मी खाली बघितलं. फळ्या पाणी पिऊन फुगल्या होत्या आणि फटी अगदी बेतानं मिटल्या होत्या. एकही फळी उठली नव्हती.

या उन्हाळ्यात पाणी पुन्हा उतरलं. नाव पुन्हा बाभळीखाली आली. सकाळी चाचींच्या दारात आता दोन बादल्या भरून ठेवलेल्या असतात, दोघींच्या आंघोळीतून साचलेल्या पाण्याच्या. माझी कंबर आणखी कामातून गेलीय. मी बडबडतो, चाचांना चार शिव्या हासडतो, आणि एकेक बादली उचलून नावेकडे चालायला लागतो.